पार एव्हिऑन

मॉन्ट्रियल,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

फराळाचा डबा गुरुवारी पोचला. अनारसे शाबूत, चकल्या निम्म्या मोडलेल्या, पण चुऱ्यावरूनही घरात भांडण झालं, म्हणजे आईला काय कळायचं ते कळेल. पार्सलवरचा फॉर्म बाबांनीच भरला हे अक्षर पाहताक्षणी ओळखलं. मोत्यासारखं अक्षर, आणि पदार्थांच्या रकान्यात शंकरपाळ्यांचं वजनसुद्धा वेगळं.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, दादाच्या चिऊने आठवीला फ्रेंच घ्यावी की स्पॅनिश. कट्ट्यावरचे बँकवाले काका म्हणतात, फ्रेंच आता संपत आली, जगात स्पॅनिश चालते. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने ‘बर्फ पडला का गं’ विचारलं आणि विषय गेला तो गेलाच. (पडला. आज सकाळी.) म्हणून हे पत्र. चार वाक्यांत सांगण्यासारखं नाहीच ते.

बाबा, आधी तुम्हालाच पकडते. चौतीस वर्षं टपाल खात्यात काढलीत, म्हणजे चौतीस वर्षं फ्रेंच हाताळलीत. परदेशी पाकिटावर लावायची ती निळी चिठ्ठी आठवते ना, ओल्या स्पंजवर घासून चिकटवायची? ‘पार एव्हिऑन’, म्हणजे विमानाने. सगळं ऑफिस तसंच म्हणायचं. शाळेतून येता येता काउंटरमागे बसून मीही तसंच शिकले. इथे आल्यावर कळलं की ते ‘पार आव्हिऑं’ आहे आणि शेवटचा न आपण ‘हं’ म्हणतो तसा नाकात विरतो. मुक्काम नक्की नसलेल्या माणसाचं पत्र पोस्टातच सांभाळून ठेवायची ती ‘पोस्ट रेस्टांट’ची सोय, तीही फ्रेंचच. १८७४ साली बर्नला जागतिक टपाल संघ निघाला तेव्हा देशादेशांतला व्यवहार फ्रेंचमधूनच चालायचा. हिंदुस्थान त्यात १८७६ ला गेला. संघाची अधिकृत भाषा आजही एकटी फ्रेंच. इंग्रजीला कामकाजाची भाषा म्हणून आत घ्यायला १९९४ उजाडलं.

काकांचं एका अर्थी खरं आहे. मुत्सद्द्यांची भाषा म्हणून फ्रेंचचं जे राज्य होतं ते बुडालं. १९१९ चा व्हर्सायचा तह खुद्द फ्रान्सच्या राजवाड्यात झाला, पण फ्रेंच आणि इंग्रजी असा दोन्हींत, आणि दोन्ही मसुदे सारखेच प्रमाण मानले गेले. उतरती कळा तिथून मोजली तर फ्रेंच गेली शंभर वर्षं ‘संपत आलेली’ आहे. पानिपतानंतर पेशवाई संपायलाही सत्तावन्न वर्षं लागली होती, हे काकांना सांगा.

आता इथलं ऐका, कारण इथल्या घसरणीत आपलंही नाव आहे.

आमच्या क्यूबेक प्रांतात घरी मुख्यतः फ्रेंच बोलणारे २०१६ च्या जनगणनेत शंभरात ७९ होते, २०२१ मध्ये ७७.५ झाले. तुम्ही म्हणाल, दीड टक्का. पण इथे त्यावर घरात कोणी आजारी असल्यासारखं बोलतात. १९७७ चा १०१ क्रमांकाचा भाषेचा कायदा होताच, त्याला २०२२ मध्ये ९६ क्रमांकाच्या कायद्याने आणखी दात बसवले. यंदाच्या जूनपासून तर दुकानाच्या पाटीवर दुसरी भाषा असेल तर फ्रेंचने तिच्या दुप्पट जागा व्यापायला हवी. मराठी पाट्यांवरून आपल्याकडे जे होतं तेच, फक्त इथे मोजमापासकट. फ्रान्समध्ये रस्त्यावरच्या लाल पाटीवर सरळ ‘स्टॉप’ लिहितात, इथे ‘आरे’. फ्रान्समध्ये केएफसी म्हणजे केएफसी, इथे ‘पीएफके’. कारण कोंबडी, तळलेली आणि केंटकी हे तीन शब्द फ्रेंचच्या क्रमाने लावले. पहिल्या वर्षी मला हसू यायचं. मग कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या फोरमनने सांगितलं की त्याच्या बापाला याच शहरात, बहुसंख्य असून, साहेबाशी इंग्रजीतच बोलावं लागायचं. तेव्हापासून हसत नाही. कधीमधी हसते.

२०२१ चा तो जनगणनेचा फॉर्म मीच भरला. घरी कोणती भाषा बोलता? मराठी. झालं! आम्ही तिघं फ्रेंच न बोलणाऱ्या घरांत जमा झालो. पण तुमची नात फ्रेंच शाळेत जाते. जावंच लागतं, आई-बापांपैकी कोणी कॅनडात इंग्रजीतून शिकलेलं असेल तरच पोराला सरकारी इंग्रजी शाळा मिळते. ती मैत्रिणींशी फ्रेंचमध्ये भांडते, झोपेत फ्रेंचमध्ये बरळते. मी दिवसभर विमानाचे सुटे भाग तपासते (म्हणजे नशिबात एव्हिऑनच होतं) आणि नापास झालेल्या प्रत्येक भागाचा अहवाल फ्रेंचमध्ये लिहिते. फ्रेंचमध्ये बोलू शकणारे विचारले तर क्यूबेकमध्ये आजही शंभरात जवळजवळ ९४ निघतात. रकाना बदलला की रोग बदलतो.

याची दुसरी बाजू माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. कांगोच्या राजधानीचा, किन्शासाचा आहे तो. आईला फोन लावतो तो लिंगाला या तिथल्या भाषेत. लहानपणी घरी फ्रेंच कोणी बोलायचं नाही, ती शाळेत शिकला. तरी तो फ्रेंचच्या वाढीत मोजला जातो. मीही तशीच, घरी एक आणि कामावर फ्रेंच, पण मी घसरणीत! हे त्याला सांगितलं तेव्हा चहा सांडेपर्यंत हसला.

आकडे सांगते, कट्ट्यावर उपयोगी पडतील. फ्रेंच भाषक देशांच्या संघटनेने २०२२ मध्ये जगभरचे फ्रेंच बोलणारे ३२ कोटी धरले. त्यांत जन्मभाषा म्हणून बोलणारे साधारण आठेक कोटी. आपली मराठी २०११ च्या जनगणनेत ८.३ कोटी. म्हणजे मातृभाषेच्या पंगतीत फ्रेंच आणि आपण एकाच पाटावर. बाकीचे सगळे शाळेतून आलेले, आणि रोज फ्रेंच वापरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त आता आफ्रिकेत आहेत. किन्शासात पॅरिसपेक्षा जास्त माणसं राहतात. तेव्हा फ्रेंचचं पुढे काय होणार हे पॅरिसमधल्या फ्रेंच भाषेच्या अकादमीच्या चाळीस सभासदांपेक्षा (त्यांना ‘अमर’ म्हणतात) कांगोतल्या मास्तरांच्या पगारावर जास्त ठरेल.

आणि तिथेही सगळं गोड नाही. मालीने २०२३ च्या नव्या राज्यघटनेत फ्रेंचला अधिकृत भाषेच्या पाटावरून उठवलं, मग बुर्किना फासोनेही. यंदा मार्चमध्ये माली, बुर्किना फासो आणि नायजर, तिघेही त्या संघटनेतून बाहेर पडले. गंमत बघा, या संघटनेचं मूळ रोप लावलं गेलं ते नायजरच्याच राजधानीत, नियामेत, २० मार्च १९७० ला. अल्जीरियाने २०२२ पासून प्राथमिक शाळेत इंग्रजी आणली. रवांडाने तर २००८ मध्येच शाळा फ्रेंचमधून इंग्रजीत नेल्या, आणि आज त्या फ्रेंच संघटनेच्या प्रमुख आहेत रवांडाच्याच लुईझ मुशिकिवाबो. सून माहेरी निघून गेली, पण तिजोरीच्या किल्ल्या तिच्याच कमरेला.

स्पॅनिशला यातलं काही दुखणं नाही. तिला मातृभाषा मानणारेच पन्नास कोटींच्या घरात. मेक्सिकोच्या वरच्या टोकापासून अर्जेंटिनाच्या शेपटापर्यंत ब्राझील वगळून बहुतेक सगळीकडे ती घरात, बाजारात, शिव्यांत आहे. अमेरिकेत चार कोटींवर माणसं घरी ती बोलतात. कोणा सरकारच्या मर्जीवर ती उभी नाही. फ्रेंचसारखं तिला टिकवावं लागत नाही, हाच मोठा फरक. पण बाबा, काका म्हणतात तसं सगळं जग तिच्यामागे धावतंय असंही नाही. अमेरिकेतल्या कॉलेजांत २०१६ ते २०२१ मध्ये फ्रेंच घेणारे सुमारे २३ टक्क्यांनी घटले, तसे स्पॅनिश घेणारेही १८ टक्क्यांनी घटले. वाढली कोण तर कोरियन! त्या गाणाऱ्या पोरांमुळे आणि मालिकांमुळे असणार, असा माझा अंदाज. चिऊला तुम्ही विचारलंत का, तिला काय हवंय? तिच्या खोलीच्या भिंतीवर कोणाचे फोटो आहेत ते आईने पाहिलेत.

कामाचं म्हणाल तर पुण्यात फ्रेंचचे क्लास सध्या भरलेत ते कॅनडासाठी. इथल्या सरकारला क्यूबेकबाहेरही फ्रेंच बोलणारी माणसं हवीत, म्हणून २०२३ पासून कायमचं राहायला येऊ पाहणाऱ्यांत त्यांची वेगळी निवड करतात. इतरांना पाचशेच्या वर गुण लागत असताना यंदा मार्चमध्ये फ्रेंचवाल्यांना ३७९ वर बोलावलं. स्पॅनिशला या हिशेबात शून्य गुण. पण चिऊ तेरा वर्षांची आहे. ती अर्ज करायच्या वयाची होईपर्यंत हे नियम किती वेळा बदलतील, सांगता येत नाही. अशा गोष्टीवर पोरीची भाषा ठरवू नये.

माझंच बघा ना. अकरावीला मी फ्रेंच घेतली ती ‘स्कोअरिंग’ म्हणून. शंभरात ९१ पडले, तुम्ही पेढे वाटलेत. आमच्या कॉलेजात दोन वर्षांत आम्ही फ्रेंच एकदाही मोठ्याने बोललो नाही. रिकाम्या जागा भरल्या आणि क्रियापदं घोकली. मॉन्ट्रियलला आले तेव्हा बसच्या ड्रायव्हरने काहीतरी विचारलं आणि मी ९१ मार्कांसकट गप्प उभी. पुन्हा पहिलीपासून शिकले. त्यात आपण मराठी आहोत म्हणून काही गोष्टी फुकट मिळाल्या. तीन लिंगं सांभाळणाऱ्याला दोन लिंगं काय जड! ‘तू’ आणि ‘तुम्ही’ तर तसंच्या तसं. फक्त इथली पोरं बापालाही ‘तू’ म्हणतात, तेवढं माझ्या अजून पचनी पडत नाही. आणि नव्याण्णवला ते म्हणतात ‘चार वीस दहा नऊ’. वर्गातले सगळे डोकं धरून बसले, मला आजी आठवली, परड्यात शेणी मोजताना ‘चार विसा आन् एकोणीस’ म्हणणारी. बाईंना ते समजावून सांगितलं, त्यांनी फळ्यावर लिहून घेतलं. आमच्या आजीचा हिशेब मॉन्ट्रियलच्या फळ्यावर!

स्पेलिंगने मात्र रडवलं. पक्ष्याला ‘वाझो’ म्हणतात आणि लिहायला सहा अक्षरं, त्यातलं एकही आपल्या मूळ आवाजाला जागत नाही. स्पॅनिश त्या मानाने आपल्या देवनागरीसारखी, लिहिलं तसं वाचा. वर्गातली कोलंबियाची मुलगी वर्षात माझ्या पुढे गेली, कारण तिच्या स्पॅनिशमधले निम्मे शब्द थोडे कपडे बदलून फ्रेंचमध्ये बसलेले होते.

म्हणून, फ्रेंचवर जेवणारी मीच सांगतेय, शाळेत दोन्ही शिकवणाऱ्या बाई सारख्याच बऱ्या असतील तर चिऊला स्पॅनिश घेऊ दे. सहा महिन्यांत चार वाक्यं बोलून पोरगी खूश होईल, आणि खूश झालेलं पोर भाषा सोडत नाही. पुढे फ्रेंच लागलीच तर निम्मी वाट झालेली असेल. पण फ्रेंचच्या बाई वर्गात बोलायला लावणाऱ्या असतील आणि स्पॅनिशच्या रिकाम्या जागा भरायला देणाऱ्या, तर डोळे मिटून फ्रेंच. दादाला म्हणावं, एक दिवस शाळेत जाऊन दोन्ही वर्गांबाहेर नुसतं उभं राहा. आतून आवाज येतोय की नाही, एवढंच ऐकायचं.

आई, गुडघ्याला तेल लावतेस की नुसती बाटली उशाशी ठेवतेस? जावई विचारत होते. आणि पुढच्या वेळी चकल्या नकोत, भाजणीच पाठव, अर्धा किलो. चकल्या इथे पाडू, मोडल्या तर आमच्या हाताने मोडतील.

बाबा, तुमच्या तिकिटांच्या वहीत शेवटच्या पानांवर परदेशी पाकिटांचे कापलेले कोपरे आहेत, निळ्या चिठ्ठीसकट. त्यातला एक भाजणीच्या पुड्याबरोबर पाठवा. नातीने फोनवर तुमचं ‘पार एव्हिऑन’ ऐकलंय आणि तुमचा उच्चार दुरुस्त करायला ती टपून बसलीय. तिला तेवढं करू द्या. मग तिला ‘चिठ्ठी’ म्हणायला लावा. तिचा ठ अजून त बनतो.

तुमची,
मनू