बामणोलीच्या मामांना

मामा,
सा. न. वि. वि.

मी कराडच्या आप्पांची नात. नोव्हेंबर २०२२ मध्ये आम्ही पाच जण कोयनेच्या जलाशयाकाठी बामणोलीला आलो होतो, तुमच्या बोटीने वासोटा किल्ल्याला जायला. बुटाचा चिखल बोटीत आणला म्हणून तुम्ही जिला दटावलं होतं, ती मी. आप्पा २०२४ च्या पावसाळ्यात गेले, ब्याऐंशीव्या वर्षी. तुम्हाला तेव्हाच कळवायला हवं होतं, ते राहून गेलं. आता कळवते आहे, ते सगळ्यांना दिसेल असं, कारण त्या दिवशी तुम्ही जे केलंत ते चार लोकांना कळावं असं मला वाटतं. तुमचा नातू मोबाइलवर वाचून दाखवेल. त्याला म्हणावं, भरभर वाचू नकोस.

त्या सकाळी धक्क्यावर आधी दोघा बोटवाल्यांनी आम्हाला नाही म्हटलं होतं. त्यांचंही चुकलं नव्हतं. ऐंशी वर्षांचा माणूस, दोन्ही गुडघे बदललेले, हातात काठी, आणि म्हणतो काय तर वासोट्याला जायचंय. चौकीवरच्या पोराने परवानगीचा कागद देताना आधी आप्पांच्या पायांकडे पाहिलं होतं. तुम्ही काहीच विचारलं नाहीत. कुठूनशी प्लास्टिकची खुर्ची आणलीत, बोटीच्या मधोमध ठेवून दोरीने आवळून बांधलीत. आप्पा वाकून ती गाठ बघायला लागले तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याने मारलेली गाठ तपासायची ही त्यांची जुनी खोड. दोनदा ओढून बघितली आणि म्हणाले, "उत्तम." मामा, हा शब्द मला दहावीच्या निकालालाही मिळाला नव्हता.

तुम्हाला ते एक दिवस भेटले. आम्हा तीन नातवंडांना रोज भेटायचे, आणि त्यांचं प्रेम सगळं मोजमापातून यायचं. लहानपणी आंघोळ घालतानाही हिशोब चालू असायचा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस लिटर, म्हणजे ही बादली डोळा मिटून उघडायच्या आत भरली, समजलं? आम्ही ओरडायचो, डोळ्यात साबण गेलाय! एक टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट पाणी, म्हणजे किती बादल्या, हे गणित मी सातवीत असताना करून दाखवलं, तर बक्षीस म्हणून त्यांनी मला सर्व्हेची टोपोशीट, म्हणजे डोंगरदऱ्यांचा नकाशा, दिला. बाकीच्या मुलींना सायकली मिळत होत्या. त्या टोपोशीटवर बोट फिरवून त्यांनी शिकवलं की समपातळीच्या रेघा जवळजवळ आल्या की तिथे कडा, लांब गेल्या की तिथे शेत. मग रविवारी तोच कडा प्रत्यक्ष दाखवायला न्यायचे. सज्जनगड, वसंतगड, दातेगड, सगळे असेच झाले: आधी कागदावर, मग पायाने. डब्यात पोळी आणि गूळ, खिशात सुतळी. ही सुतळी कशाला लागते ते आम्हाला कधी कळलं नाही, पण दर वेळी लागायची.

पावसाळ्यात सकाळी पेपर आला की पहिला प्रश्न, "आज धरणात किती?" आमच्याकडे हा प्रश्न सगळेच विचारतात. कराडला कोयना येऊनच कृष्णेला मिळते, तेव्हा धरण भरलं की इकडे नदीकाठाला झोप नसते. आप्पांचा प्रश्न मात्र घरातल्या आजारी माणसाची चौकशी करावी तसा असायचा.

कारणही तसंच होतं. १९६४ साली बाविसाव्या वर्षी ते कोयनानगरला नोकरीला लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चारनंतर थोड्याच वेळात भूकंप झाला तेव्हा क्वार्टरमध्ये झोपलेले होते. कोयनानगर जमीनदोस्त झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. शेजारच्या घरातल्या दोघांना बाहेर काढून आप्पा पायजम्यावरच धरणाकडे गेले. धरणाच्या पोटात पाहणीसाठी बोगद्यासारखी गॅलरी असते. तिच्यात बॅटरी घेऊन शिरले, भिंतीला हात लावून चालत गेले, कुठे किती पाणी झिरपतंय ते लिहीत. धरणाच्या वरच्या भागात, जिथे भिंतीचा उतार बदलतो त्या पातळीला, आडव्या भेगा पडल्या होत्या. पण १०३ मीटरची ती भिंत उभी राहिली, आणि पुढे खालच्या अंगाने टेकू देऊन तिला भक्कम केलं. आप्पा त्या डागडुजीवर कितीतरी वर्षं होते. ही गोष्ट आम्ही शंभरदा ऐकली असेल. धरणाची दुसरी गोष्ट, पाण्याखाली गेलेल्या गावांची, त्यांच्या तोंडून एकदाही ऐकली नव्हती.

ती तुमच्या बोटीत निघाली.

तुम्ही सहज विचारलंत, "काय करत व्हता आप्पा?" ते म्हणाले, "कोयनेच्या धरणावर इंजिनिअर." माझा भाऊ एकदम कॅमेरा चाळायला लागला. तुम्ही काही बोलला नाहीत. थोडं पुढे गेल्यावर इंजिन बंद केलंत. इतका वेळ डिझेलची फटफट कानात होती, ती थांबल्यावर पाण्याचा आवाज केवढा मोठा आला! बोटाने खाली दाखवून म्हणालात, "हित्तं हाय आमचं घर. भैरोबाच्या देवळाचा चौथरा मे म्हैन्यात दिसतो, पानी लईच उतारलं तर."

आप्पांना एक पळवाट होती, आणि मला ती माहीत होती. ते १९६४ ला लागले, तोवर पाणी अडवून झालेलं होतं. "मी यायच्या आधीचं आहे ते," एवढं म्हटलं असतं तरी खोटं ठरलं नसतं. मी वाट बघत होते की आता म्हणतील. ते म्हणाले नाहीत. कानटोपी काढून मांडीवर ठेवली आणि विचारलं, "किती उंबरा होता?" तुम्ही म्हणालात, चाळीसला दोन कमी. मग विचारलं, "जमीन कुठे दिली?" तुम्ही सांगितलंत, वडलांना सोलापूरकडं दाखवली, तिथलं ऊन सोसंना, चार वर्षांनी पोराबाळांसकट माघारी आले आणि पाण्याच्या वर डोंगराला घर बांधलं. तुम्ही तेव्हा पाळण्यात होतात. पाणी हटलं की गाळपेर करायची आणि पाणी आलं की बोट चालवायची, यात जन्म गेला. हे तुम्ही तक्रारीच्या सुरात सांगितलं नाहीत, आणि माफ केल्याच्या सुरातही नाही. सांगून झाल्यावर इंजिन चालू करत म्हणालात, "चला, गड बगायचाय न्हवं?"

गडाच्या पायथ्याशी मेट इंदवलीला उतरल्यावर तुम्ही आणि तुमच्या मुलाने खुर्चीसकट त्यांना ओढ्याजवळच्या मारुतीपर्यंत उचलून नेलंत. मी दोनदा हात लावायला आले, दोनदा बाजूला सारलंत. पुढचा चढ आम्ही चढलो. आप्पांनी बजावून ठेवलं होतं म्हणून बाबुकड्यापाशी जाऊन त्यांच्या नावाने हाक मारली, चुन्याच्या घाण्याचा फोटो काढला, महादेवाला नमस्कार केला. ताई तेलिणीने हा गड पेशव्यांच्या बापू गोखल्यांशी लढवला, ती गोष्ट भावाने वरती सांगितली, आणि सांगताना तो हुबेहूब आप्पांसारखे हात करत होता. आम्ही चार तासांनी खाली आलो. तोवर तुम्ही दोघं तिथेच बसला होतात, दुसरी भाडी सोडून. पानावर भाकरीचे तुकडे होते आणि आप्पा तुम्हाला सुतळीची कसलीशी गाठ शिकवत होते.

संध्याकाळी बामणोलीला परत आल्यावर तुम्ही त्यांना चहाला घरी नेलंत. आम्ही गाडीत बसून राहिलो. दहा मिनिटांचा चहा सव्वा तास चालला. कासचा घाट अंधारात उतरावा लागणार म्हणून मी हॉर्नसुद्धा वाजवला. त्याबद्दल माफी मागते, तुमच्या आईंचीही. आप्पा बाहेर आले ते आत काय झालं याबद्दल अवाक्षर न बोलता. तुम्ही ठरलेल्यापेक्षा एक रुपया जास्त घेतला नाहीत. आप्पांनी पुढे केलेली पाचशेची नोट त्यांच्याच खिशात परत कोंबलीत. त्यांच्याशी असं वागायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती.

वर्षश्राद्धानंतर आजीने त्यांची कपाटं उघडायला दिली. त्यात त्यांची फील्डबुकं होती, नोकरीतली आणि निवृत्तीनंतरची, सगळी ओळीने. शेवटच्या वहीत १९ पानं एकाच कामाची आहेत. पहिल्या पानावर बामणोलीची ती तारीख आणि "सांगणार: आई, वय ८० च्या पुढे." खाली तुमच्या गावाचा नकाशा. उत्तर दिशा, नदीची धार, पाणवठा, भैरोबा, वड, चावडी, आणि अडतीस घरं नंबर घालून. समोरच्या पानावर प्रत्येक घराचं नाव. अंतरं पावलांत आहेत: "देऊळ ते विहीर, डोक्यावर हंडा घेऊन ६० पावलं." पुढच्या पानांवर तोच नकाशा पुन्हा पुन्हा काढलेला, दर वेळी थोडा दुरुस्त. तुमच्या आईंना नंतरही ते फोन करत असणार, कारण तारखा थेट मार्च २०२४ पर्यंतच्या आहेत. आम्हाला वाटायचं, आप्पा गच्चीवर मित्रांशी बोलतात.

शेवटचा नकाशा मी मोठ्या कागदावर छापून घेतला आहे. एक प्रत तुमच्या घराला, एक देवळाला. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घेऊन येतो. येताना चिखल बाहेरच झटकीन.

एक काम आहे. वडाच्या पूर्वेचं, २३ नंबरचं घर. तिथे आप्पांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह ठेवलंय आणि लिहिलंय, "दार नदीकडे की देवळाकडे? आईंना पुन्हा विचारणे." तेवढं विचारून कळवा, म्हणजे छापण्यात दुरुस्त करता येईल.

तुमची,
आप्पांची नात