टॉवरच्या चित्रात कायम संध्याकाळच का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दर शनिवारी पेपरबरोबर तुमची प्रॉपर्टीची पुरवणी येते, त्यातल्या टॉवरच्या चित्रात कायम संध्याकाळच का असते हा प्रश्न मला बरेच दिवस पडलाय. निळंजांभळं आकाश, सगळ्या खिडक्यांत पिवळे दिवे, खाली कारंजं. दुपारी तीनचं चित्र कधीच नाही. एसीचे डबे नाहीत, वाळत घातलेला एकही टॉवेल नाही आणि पावसाळ्यात भिंतीवरून उतरलेले काळे ओघळ तर नाहीतच.

मी पुण्यात बालेवाडीत राहतो, चौदाव्या मजल्यावर. गॅलरीतून म्हाळुंग्याकडे बघितलं की जे दिसतं ते पण आमच्याच बिल्डिंगसारखं, फक्त रंगाचा पट्टा वेगळा, आमचा चॉकलेटी आणि त्यांचा राखाडी. म्हाळुंगे, सूस, वाघोली धरून 23 गावं 2021 मध्ये महापालिकेत आली, सगळीकडे क्रेन उभ्या आहेत आणि वाढत्या शहराला घरं लागणारच, त्याबद्दल काही म्हणणं नाही. उंचीबद्दलही नाही. पण एवढे बांधताय तर एखादा तरी मान वर करून बघावासा वाटेल असा बांधा की राव.

सगळं सारखं का दिसतं याचं एक कारण साइटवरच कळलं. आजकाल मायवान म्हणतात ती पद्धत, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावायचे, भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटने भरायचे, मग तेच साचे काढून वरच्या मजल्यावर न्यायचे, असं शंभराहून जास्त वेळा वापरता येतात. काम झपाट्याने होतं, भिंत सरळ येते, हे चांगलंच आहे. पण मग मजला बदलायचा म्हटलं की साचा बदला, खर्च वाढला, त्यामुळे दुसऱ्या मजल्यावर जे तेच बाविसाव्यावर. इडलीपात्रच म्हणा ना. पण साच्यातही खिडकीवर नीट छज्जा काढता येतो, तो काढत नाहीत याला मायवान जबाबदार नाही.

थोडा दोष आपलापण आहे. रेराच्या (घरखरेदीच्या कायद्याच्या) कार्पेटमध्ये, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेत, बाल्कनी धरत नाहीत, आणि आपण भाव काढतो तो कार्पेटवर, मग बाल्कनी कमी करून ती जागा खोलीत घेतली तर वाईट वाटत नाही उलट फायदा झाला वाटतो. मी पण फ्लॅट घेताना बिल्डिंग बाहेरून पाच मिनिटंसुद्धा बघितली नव्हती, सॅम्पल फ्लॅटमधल्या सोफ्यावरच खूश. आता पश्चिमेची बेडरूम एप्रिलमध्ये तव्यासारखी तापते, कपडे वाळवायला चिमूटभर ड्राय बाल्कनी, आणि समोरच्या गॅलरीत साडी टाकली की सोसायटीची नोटीस, का तर एलिव्हेशन (बिल्डिंगची दर्शनी बाजू) खराब दिसतं! कुठलं एलिव्हेशन?

मुंबईत कंबाला हिलला आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांचं कांचनजंगा आहे, 1983 सालचं, 28 मजले आणि फ्लॅट फक्त 32. वारा आणि समुद्र पश्चिमेला, पण ऊन आणि पाऊसही तिकडूनच, म्हणून त्यांनी कोपऱ्यांत दोन मजली उंचीचे खोल व्हरांडे कोरले, जुन्या बंगल्यात असायचे तसे. दिसायला देखणं आणि राहायला गार. त्याच माणसाची काळ्या दगडातली आयुका, म्हणजे खगोलशास्त्राची संस्था, आपल्या विद्यापीठात आहे, बाणेर रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये अडकून आपण रोज तिच्या जवळून जातो. कोणी म्हणेल कांचनजंगा श्रीमंतांचं, बरं, मग मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको शैलीतल्या जुन्या बिल्डिंगा बघा. त्यातले कितीतरी तर भाड्याने द्यायला बांधलेले ब्लॉक, तरी खिडकीवर भुवईसारखे छज्जे आहेत, कोपरे गोल आहेत, आणि 2018 मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतलं. आमच्या टॉवरला 2018 सालचा रंग होता, तो दोन पावसाळ्यांत गेला.

रस्त्यावरून तर अजूनच वाईट. खालचे तीन-चार मजले पार्किंगचा पोडियम, म्हणजे चालणाऱ्याच्या नजरेसमोर नुसती भिंत आणि जाळी. पेठेत वाड्याला ओटा असायचा, म्हातारी माणसं टेकायची, कोणी पाणी मागायचं. इथे भाजी घेऊन येताना बायका दमल्या तर टेकायला वॉचमनची खुर्ची, तीही तो उठला तर.

एक सुचवतो. नाटक सिनेमाचं परीक्षण तुम्ही दर आठवड्याला छापता, तसं महिन्यातून एकदा एखाद्या नव्या बिल्डिंगचं छापा, आर्किटेक्टचं नाव टाकून, चांगलं असेल तर चांगलं म्हणा. पुरवणीच्या जाहिराती जातील अशी भीती वाटत असेल तर सुरुवात आमच्यापासून करा, आमचे सगळे फ्लॅट कधीच विकून झालेत. फक्त दुपारी तीनला या, पश्चिमेच्या बेडरूममध्ये बसून चहा घेऊ.

आपला,
एक वाचक, बालेवाडी, पुणे