विषय: इंजिन का तापते हे न तपासता पार्ट बदलल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

माझी जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार इंजिन तापते म्हणून तुमच्या वर्कशॉपमध्ये दिली होती. देतानाच जॉबकार्डावर लिहून घ्यायला लावले होते: ट्रॅफिकमध्ये टेम्परेचरचा काटा जागचा हलत नाही, मोकळ्या रस्त्यावर वेग धरला की लाल रेषेकडे सरकायला लागतो.

एवढ्यावरून अर्धे काम व्हायला हवे होते. फॅन लागतो तो गाडी उभी असताना. वेगात समोरचा वाराच रेडिएटर थंड करतो. तरी तुम्ही सगळ्यात आधी बदललीत ती फॅनची मोटर! जुना फॅन सिग्नलला चालू झालेला मी रोज ऐकत होतो. मग थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर उघडून कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, रेडिएटरकडे सोडणारी झडप) बदलला. जुना गरम पाण्यात टाकून पाहिला का, असे विचारल्यावर काउंटरवरचे साहेब माझ्याकडे नुसते बघत राहिले.

तरीही गाडी तापते म्हटल्यावर हेड गॅस्केट (इंजिनचे हेड आणि ब्लॉक यांच्यामधले सील) गेल्याचे सांगून तुम्ही इंजिनचे हेड उतरवण्याचे एस्टिमेट हातात ठेवलेत. पण गॅस्केट गेल्याची एकही खूण नव्हती: ऑइल स्वच्छ, पांढरा धूर नाही, कुलंटमध्ये बुडबुडे नाहीत. शंका होतीच, तर रेडिएटरच्या तोंडाशी निळे टेस्ट लिक्विड धरायचे. जळालेला गॅस कुलंटमध्ये येत असेल तर ते पिवळे पडते. ही टेस्ट केल्याची नोंद कुठेच नाही.

दुसऱ्या मेकॅनिकने बॉनेट उघडून चार हजार आरपीएमपर्यंत रेस दिली आणि मला रेडिएटरमधून इंजिनकडे जाणाऱ्या खालच्या होजकडे बघायला सांगितले. तो जाडजूड पाइप माझ्या डोळ्यांदेखत आत ओढला जाऊन चपटा झाला. रेस सोडली, पुन्हा गोल! पंप या बाजूने कुलंट ओढतो, म्हणून होज दबू नये यासाठी आत स्प्रिंग असते. आमच्या होजमधून स्प्रिंगचे गंजलेले तुकडे निघाले, म्हणून वेगात तो दबून कुलंटची वाट अडत होती. रेडिएटर चोंदला असला तरी होज असा दबू शकतो, म्हणून त्याने पाणी सोडून तोही पाहिला, साफ होता. रेडिएटरचे झाकण मात्र त्यावर छापलेल्या ०.९ बारच्या निम्माही दाब धरत नव्हते. दाब टिकत नसेल तर कुलंट लवकर उकळते आणि मऊ पडलेला होज आणखी सहज दबतो. नवा होज आणि नवे झाकण बसवल्यापासून काटा वेगातही मधोमध असतो. हेडला कुणी हातही लावलेला नाही.

थर्मोस्टॅटचे पैसे मी मागत नाही, जुन्या गाडीत तो बदललेला बराच. मात्र फॅनची मोटर, तिची मजुरी आणि बिलात ‘तपासणी’ म्हणून लावलेली रक्कम परत हवी. कोणती तपासणी झाली, कोणी केली आणि रीडिंग काय आले, हे लेखी कळवावे. झाले नसेल तर तसे लिहावे. काढलेली जुनी मोटरही मला मिळालेली नाही, ती द्यावी.

जॉबकार्ड, बिल आणि एस्टिमेटच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

कळावे,
आपला एक ग्राहक