माती वरवर तपासून जमिनीखालची गळती सापडत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुने पेट्रोलपंप, गॅरेज, कारखाने यांच्या जागांवर नवे बांधकाम सुरू होते, तेव्हा जमिनीखाली इंधनाची जुनी टाकी असल्याची शंका बऱ्याचदा निघते आणि ‘माती तपासून घेतली आहे’ एवढ्या वाक्यावर ती मिटवली जाते. ही माती नेमकी कोठून, किती खोलीवरून आणि कशी घेतली, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. अशा अहवालाची सारी किंमत या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

लोखंडी टाकी गंजते, तिच्या नळ्यांचे जोड सुटतात आणि टाचणीएवढ्या छिद्रातूनही इंधन वर्षानुवर्षे झिरपत राहते. ते आधी मुख्यतः खाली जाते, मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत थोडे थोडे अडकत जाते आणि भूजलापर्यंत पोहोचले तर पाण्यापेक्षा हलके असल्याने त्यावर तरंगत पसरते. पाण्याची पातळी ऋतुमानानुसार वरखाली होते, तसा हा तवंग मातीच्या बऱ्याच जाड थराला माखून टाकतो. उलट पृष्ठभागाजवळच्या मातीतले हलके घटक उडून जातात आणि प्राणवायू मिळाल्यामुळे जीवाणूही तेथे तेलाचे विघटन लवकर करतात. त्यामुळे गळती टाकीच्या तळाशी असेल, तर फावड्याने वरची वीतभर माती उचलून तपासणे म्हणजे त्या जागेतला सर्वांत स्वच्छ भाग निवडून तपासणे होय.

टाकी आहे की नाही हे आधी जुने नकाशे, परवान्यांची कागदपत्रे आणि तेथे काम केलेली माणसे यांच्याकडून कळते. टाकीतली वाफ बाहेर सोडणारी, भिंतीलगत वर गेलेली नळी किंवा फरशीतले लोखंडी झाकण हीही मोठी खूण असते. त्यानंतर चुंबकीय उपकरणाने किंवा भूभेदी रडारने जागा निश्चित करता येते. मात्र ओलसर चिकणमातीत रडारच्या लहरी फार खोल जात नाहीत, तेव्हा रडारला काही दिसले नाही म्हणून टाकी नाही असे धरून चालू नये. या पायरीत घाई करणे जिवावर बेतू शकते. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्क्यांच्या दरम्यान असले की एका ठिणगीने स्फोट होतो, आणि रिकामी समजली जाणारी टाकी अशा वाफेने भरलेली असू शकते. टाकीची हद्द नक्की ठरल्याशिवाय ड्रिल लावूच नये.

मातीचे नमुने काढण्यासाठीचे बोअर टाकीच्या दोन्ही टोकांना, अगदी जवळ आणि तिच्या तळापेक्षा खोल हवेत. नळ्यांच्या मार्गावर आणि इंधन भरण्याच्या जागीही ते घ्यावेत, कारण भरताना होणारी सांडलवंड अनेकदा गळतीइतकीच नडते. भूजल ज्या दिशेने वाहते त्या बाजूला एक आणि तुलनेसाठी टाकीपासून दूर, भूजल ज्या बाजूने येते तिकडे एक बोअर असलाच पाहिजे. वाळूच्या थरातून तेल झटकन निघून जाते, चिकणमातीवर आले की आडवे पसरते. म्हणून प्रत्येक थराची नोंद हवी. बाहेर काढलेला मातीचा दांडा उभा चिरला, तर वर तांबूस माती आणि एका ठरावीक खोलीपासून खाली करडी, हिरवट झाक असलेली, वास मारणारी माती कित्येकदा स्पष्ट दिसते. त्यातली मूठभर माती पिशवीत बंद करून थोड्या वेळाने आतली वाफ उपकरणाने मोजली की कोणता नमुना प्रयोगशाळेत धाडायचा ते ठरवता येते. पण हे निवडीचे साधन आहे, निकाल नव्हे. डिझेलसारखे कमी उडणारे इंधन त्यातून सहज निसटते.

सर्वांत अक्षम्य प्रकार म्हणजे चार ठिकाणची माती एका घमेल्यात कालवून तिचा एकच नमुना करणे. बेंझिन हा पेट्रोलमधला घातक घटक तेवढ्या वेळात उडून जातो आणि उरलेल्या प्रदूषणात स्वच्छ माती मिसळून आकडा पातळ होतो. नमुना बोअरमधून काढलेल्या मातीच्या दांड्यातून थेट उचलून लगेच हवाबंद बाटलीत, शक्य तर मोजलेल्या मिथेनॉलमध्ये घालावा आणि सुमारे ४ अंश सेल्सिअस तापमानात प्रयोगशाळेत पोहोचवावा. तेथे बेंझिन, टोल्युइन, एथिलबेंझिन, झायलिन, नॅप्थॅलिन आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन तपासावेत. टाकी शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातली असेल तर शिसेही. हा काटेकोरपणा अनाठायी नाही. बेंझिन माणसात कर्करोग घडवते हे सिद्ध झाले आहे आणि पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली त्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे १ ग्रॅम बेंझिन १ लाख लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊन पोहोचवते.

टाकी पूर्वीच उपसून नेली असली, तरी तिच्याखालची माती तेथेच असते, त्यामुळे ‘टाकी सापडली नाही’ हे उत्तर पुरेसे मानू नये. बोअर पाण्यापर्यंत गेला असेल तर निरीक्षण विहीर करून पाण्याचाही नमुना घेतला पाहिजे. माझी विनंती एवढीच आहे की अशा जागेला परवानगी देणाऱ्यांनी आणि ती विकत घेणाऱ्यांनी बोअरच्या जागा दाखवणारा नकाशा, प्रत्येक नमुन्याची खोली, तो घेतल्याची व प्रयोगशाळेत पोहोचल्याची वेळ आणि प्रत्येक घटकाची मोजता येणारी किमान मर्यादा यांशिवाय कोणताही अहवाल स्वीकारू नये. ही मर्यादा लिहिलेली नसेल, तर ‘आढळले नाही’ या शेऱ्यावरून काहीही ठरवता येत नाही.

आपला विश्वासू,
एक भूजल अभ्यासक