वडिलांच्या हाती ड्रॉपर देणाऱ्या मॅडमना आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात मृदशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला माझा प्रवेश निश्चित झाल्याचे आपल्याला फोनवर कळवले, तेव्हा कंठ दाटून आल्याने धड बोलता आले नाही. जे राहून गेले ते चारचौघांसमोर लिहावे असे वाटले, म्हणून हे पत्र.

निफाड तालुक्यातील आमच्या द्राक्षबागेत खरड छाटणीनंतर (उन्हाळ्यातील मोठ्या छाटणीनंतर) शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पडत, शिरा मात्र हिरव्याच राहत. पदवीच्या पहिल्या वर्षी मी वर्गात याचे कारण विचारले, तेव्हा ‘परीक्षेत येणार नाही ते विचारू नका’ एवढेच उत्तर मिळाले. त्या महाविद्यालयात माती परीक्षणाची प्रयोगशाळा बहुधा कुलूपबंद असे आणि सामूचे (मातीच्या आम्ल-विम्ल निर्देशांकाचे) आकडे आदल्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवून घ्यायला आम्हाला सांगितले जाई. शेतकऱ्यांच्या मुलांना मातीचे शास्त्र असे शिकवणाऱ्यांबद्दलचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

महाविद्यालय बदलून मी नाशिकला आले आणि तोच प्रश्न आपण फळ्यावर लिहून सगळ्या वर्गापुढे ठेवलात. नत्र जुन्या पानांतून नव्या पानांकडे जाऊ शकते, म्हणून त्याची कमतरता आधी खालच्या पानांवर दिसते. लोह तसे सहजी हलत नाही, म्हणून शेंडा पिवळा पडतो, हे त्या दिवशी कळले. मग वडील दरवर्षी जमिनीतून हिराकस, म्हणजे लोहाचे खत, देत असूनही लोह कमी का पडते, असे मी विचारले, तर आपण म्हणालात, ‘जमीन पाहिल्याशिवाय कसे सांगू?’ आणि रविवारची सुट्टी मोडून खरोखरच आमच्या बांधावर आलात.

वेलींच्या ओळीत खणलेल्या खड्ड्यात काळ्या मातीखाली चुनखडीचे पांढरे खडे दिसत होते. आपण एक ढेकूळ उचललेत, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल ड्रॉपरमध्ये घेतलेत आणि तो ड्रॉपर माझ्याऐवजी वडिलांपुढे धरलात. ‘दादा, तुम्ही टाका, बाग तुमची आहे.’ वडिलांनी हात पायजम्याला पुसला, जपून दोन थेंब सोडले आणि ढेकूळ फसफसून आले, म्हणजे मातीत मुक्त चुना होता. त्यानंतर ते प्रश्नांमागून प्रश्न विचारू लागले. औषधांच्या दुकानात मुकाट्याने पिशवी घेऊन परतणारे माझे वडील असे बोलताना मी प्रथमच पाहत होते.

मुक्त चुन्यामुळे सामू आठच्या वर गेला की लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकते, म्हणून जमिनीत टाकलेले हिराकस फारसे कामी येत नाही. त्यापेक्षा फवारणी करावी, आणि जमिनीतूनच द्यायचे तर इडीटीएऐवजी इडीडीएचए चिलेट (चुनखडीच्या जमिनीतही लोह विरघळलेले ठेवणारे संयुग) घ्यावे, हे आपण त्यांना बांधावर बसून, ते विचारतील तितक्या वेळा समजावलेत. शिकलेली माणसे आम्हाला पुष्कळ भेटली. समोरच्या शेतकऱ्याला कमी न लेखता, त्याच्याच हातून त्याच्या जमिनीची परीक्षा करवून घेणारा आपल्यासारखा चांगुलपणा मात्र विरळाच, आणि मृदशास्त्रच शिकायचे हा माझा निश्चय त्या बांधावरच झाला.

यंदा फुलोऱ्यातील देठ परीक्षणाचा (पानांच्या देठांतील अन्नद्रव्यांच्या तपासणीचा) अहवाल आला की वडील तो घेऊन स्वतः आपल्याकडे येणार आहेत. विचारायचे प्रश्न त्यांनी आतापासूनच वहीत लिहायला घेतले आहेत. त्यांना थोडा वेळ द्यावा, ही विनंती.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी,
निफाड, जि. नाशिक