सैन्य शिकतं म्हणजे नेमकं कोण शिकतं?

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "इतकी युद्धं झाली, इतके जनरल, इतकी वॉर कॉलेजं, तरी दर वेळी ही सैन्यं पहिल्याच महिन्यात तोंडावर कशी आपटतात? शिकत नाहीत का?" मी "शिकतात हो, पण सावकाश" असं काहीतरी बोलून विषय उडवला. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "शिकतात म्हणजे कोण शिकतं गं? जो गेला तो तर शिकायला उरत नाही." फोन ठेवल्यावर तुमच्यापेक्षा तिचाच प्रश्न डोक्यात राहिला. म्हणून हे पत्र. फोनवर तुम्ही मधे बोलता, कागदावर बोलता येत नाही!

आधी एक घटना सांगते. ३१ डिसेंबर २०२२च्या रात्री, नवं वर्ष लागता लागता, युक्रेनच्या रशियाव्याप्त भागातल्या माकीव्का शहरात एका शाळेच्या इमारतीवर रॉकेटं पडली. आत नुकतेच बोलावलेले रशियन सैनिक मुक्कामाला होते. रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने ८९ मृत्यू मान्य केले. एका हल्ल्यात एवढी माणसं गेल्याचं ते मंत्रालय सहसा कबूल करत नाही. आणि कारण काय दिलं? बंदी असताना पोरांनी मोबाईल वापरले, त्यावरून शत्रूला ठिकाण कळलं. असेलही. पण खुद्द रशियातल्याच लोकांनी विचारलं, की इतकी माणसं एका छपराखाली ठेवली कोणी?

गंमत अशी (गंमत कसली म्हणा), की हा धडा त्या सैन्याने सहा महिन्यांपूर्वीच गिरवला होता. जून २०२२मध्ये युक्रेनला अमेरिकेची लांबवर अचूक मारा करणारी हायमार्स रॉकेटं मिळाली आणि आघाडीमागचे रशियन दारूगोळ्याचे साठे एकामागून एक उडायला लागले. तेव्हा रशियाने काही आठवड्यांत साठे मागे हलवले, फोडून लहान लहान केले, विखुरले. सगळं एका जागी ठेवायचं नाही, हे दारूगोळ्याच्या बाबतीत कळलं होतं. माणसांपर्यंत ते पोचलं नाही. आणि पोचलं नाही म्हणून जे मेले, दोषही त्यांच्याच मोबाईलवर टाकून वरचे मोकळे झाले.

बाबा, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. खाली, आघाडीवर, माणसं भयानक वेगाने शिकतात, कारण चुकीची किंमत तिथे त्याच दिवशी मोजावी लागते. युक्रेनमध्ये शर्यतीच्या छोट्या ड्रोनला स्फोटकं बांधून ती रणगाड्यावर नेऊन आदळायची युक्ती निघाली. समोरच्यांनी जॅमर लावून ड्रोनचे सिग्नल तोडले. मग यांनी फ्रिक्वेन्सी बदलली, त्यांनी जॅमर बदलले. रणगाड्यांवर लोखंडी जाळ्यांचे पिंजरे चढले, रस्त्यांवर मैलोन् मैल जाळ्या ताणल्या गेल्या, पहाऱ्यावरच्या हातात छर्‍याच्या बंदुका आल्या. शेवटी सिग्नलची भानगडच नको म्हणून मागे बारीक काचेची तार सोडत उडणारे ड्रोन आले. तारेला जॅम कसं करणार? ही सगळी चढाओढ आठवड्यांच्या हिशेबाने चालते. जीपीएसवर नेम धरणारे अमेरिकी एक्सकॅलिबर तोफगोळे सुरुवातीला अगदी अचूक पडत. रशियाने सिग्नलमध्ये ढवळाढवळ सुरू केल्यावर त्यांचाही नेम ढळला. वर्षभरापूर्वीचं ब्रह्मास्त्र असं हां हां म्हणता बोथट होतं.

तारेवरून आठवलं. १९७३च्या ऑक्टोबरमध्ये सुएझ कालव्याकाठी इजिप्तच्या पायदळाने इस्रायली रणगाड्यांची जी दाणादाण उडवली, ती तारेवर चालणाऱ्या रशियन क्षेपणास्त्रांनीच. मालयुत्का त्यांचं नाव, सॅगर हे नाटोचं. एक माणूस जमिनीवर पडून, हातातल्या दांडीने ते क्षेपणास्त्र शेवटपर्यंत वळवत न्यायचा. इस्रायलींचे पहिले काही दिवस फार वाईट गेले. पण रणगाड्यातल्या पोरांनीच तोडगा काढला: कोणीतरी डोकं बाहेर काढून नजर ठेवायची, धूर दिसला की आरडाओरडा करायचा, सगळ्यांनी वाकडंतिकडं पळायचं आणि क्षेपणास्त्र सुटलं त्या जागेवर गोळ्यांचा पाऊस पाडायचा. दांडी धरणारा बिचकला की नेम गेला. कोणत्याही कॉलेजने शिकवलेलं नव्हतं हे. आणि आज पन्नास वर्षांनी तार परत आलीच की!

पण इस्रायली मुळात फसले का, हे जास्त महत्त्वाचं. १९६७चं युद्ध त्यांनी सहा दिवसांत जिंकलं होतं, तेही विमानं आणि रणगाड्यांच्या जोरावर. त्यामुळे पायदळ आणि तोफखाना मागे पडला, आणि अरब आता इतक्यात हल्ला करणार नाहीत हेही वरच्यांच्या मनात पक्कं बसलं. पुढे १९७३च्या युद्धाची चौकशी करणाऱ्या इस्रायलच्या आग्रानात आयोगाने नेमकं या ठाम समजुतीवरच बोट ठेवलं. जिंकलेल्याला कोण विचारणार, की बाबा रे, तुझं चुकलं कुठे?

याहून वाईट म्हणजे डोळ्यांनी बघून चुकीचं शिकणं. १९०४-०५च्या रशिया-जपान युद्धात कितीतरी देशांचे लष्करी निरीक्षक वह्या घेऊन हजर होते. पोर्ट आर्थर आणि मुकडेनच्या लढायांत त्यांनी मशीनगन पाहिल्या, काटेरी तारा पाहिल्या, खंदक पाहिले, त्यांच्यापुढे पडलेले प्रेतांचे ढीग पाहिले. सगळं लिहूनही घेतलं. पण अनेकांनी तात्पर्य हे काढलं, की इतकं असूनही शेवटी जपानी चढाई करूनच जिंकले, तेव्हा मनोधैर्य असेल तर छातीवर गोळ्या झेलत पुढे जाता येतं. फ्रेंच अधिकाऱ्यांना तर हे फारच पटलं. त्यांच्या मनात आधीपासून होतंच ना ते. मग पहिल्या महायुद्धात, २२ ऑगस्ट १९१४ या एका दिवसात फ्रान्सचे सुमारे २७,००० सैनिक मारले गेले. बाबा, म्हणून 'शिकत नाहीत' हे मला पूर्ण पटत नाही. शिकतात, पण आपल्याला सोयीचं तेवढंच.

आणि कधीकधी उत्तर दुसऱ्याच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून असतं. इराकमध्ये रस्त्याकडेच्या बॉम्बनी अमेरिकन गाड्या उडायला लागल्या. डिसेंबर २००४मध्ये कुवेतच्या तळावर एका साध्या सैनिकाने समोर उभ्या असलेल्या संरक्षणमंत्र्यांना, रम्सफेल्डना, थेट विचारलं, की आम्हाला गाड्यांना लावायला भंगारातून पत्रे का उपसावे लागतात? बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. खालून वर इतक्या सरळ गेलेला प्रश्न क्वचितच ऐकायला मिळतो. गाडीचा खालचा भाग व्ही आकाराचा केला की स्फोटाचा जोर बाजूला जातो, हे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडच्या सैन्यांनी १९७०च्या दशकातच करून दाखवलं होतं. तरी अशा गाड्यांना सगळ्यात वरचा क्रम मिळायला २००७ उजाडलं आणि मंत्री बदलावा लागला.

आपल्याकडचंही थोडं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल परक्यांचीच उणीदुणी काढते. कारगिलनंतर लगेच, जुलै १९९९मध्ये, के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिचा अहवाल बऱ्याच अंशी लोकांसमोर ठेवला. हे खरोखर कौतुकाचं. त्यातून पुढे आलेल्या मंत्रिगटाने २००१मध्ये सुचवलेलं तिन्ही दलांचं संरक्षणप्रमुखपद प्रत्यक्षात आलं १ जानेवारी २०२०ला. उलट १९६२च्या पराभवाचा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल सरकारने अधिकृतपणे कधी खुला केलाच नाही. आई, तू म्हणतेस ना, जो गेला तो शिकायला उरत नाही. तो शिकवू मात्र शकतो, पण त्यासाठी त्याचं कोणीतरी लिहून ठेवायला हवं आणि लिहिलेलं कोणालातरी वाचू द्यायला हवं.

यावर मला पटलेला सगळ्यात साधा उपाय अमेरिकन सैन्याने व्हिएतनामनंतर काढला. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, फोर्ट आयर्विनला, त्यांनी एक कायमची 'शत्रू' पलटण ठेवली. ती सोव्हिएत पद्धतीने लढायची, तिला तिथली टेकडी न् टेकडी पाठ. सरावाला येणाऱ्या पलटणी बहुतेक वेळा तिच्याकडून सपाटून मार खायच्या. गोळ्या लेझरच्या, त्यामुळे कोण कधी 'मेला' याची नोंद राहायची, नाही म्हणायची सोय नाही. पण खरी गोष्ट त्यानंतरची. धुळीने माखलेले सगळे एकत्र बसायचे आणि चार प्रश्न घ्यायचे: काय व्हायचं ठरलं होतं? झालं काय? असं का झालं? पुढच्या वेळी काय करायचं? बसताना हुद्दा बाजूला ठेवायचा. "साहेब, तुमचा हुकूम आमच्यापर्यंत पोचला तेव्हा आम्ही मेलो होतो" असं सार्जंटने कर्नलला सांगितलं, तरी ते त्याच्या गोपनीय अहवालात जाणार नाही, अशी रीत. दर वेळी ती पाळली जात असेल असं समजण्याइतकी मी भोळी नाही. पण असा नियम लिहून काढावा लागला, यातच काय ते आलं.

युक्रेनने याच्याही पुढची वाट काढलीय. शत्रूचा रणगाडा किंवा सैनिक टिपल्याचं चित्रीकरण पाठवायचं, ते तपासून तुकडीला गुण मिळतात आणि त्या गुणांवर तुकडी आपल्याला हवे ते ड्रोन मागवते. म्हणजे काय उपयोगी पडतं हे कचेरीतला साहेब ठरवत नाही, आघाडी ठरवते. आई, माणूस मारल्याचे गुण हे वाचून तुला कसंतरी होईल. मलाही झालं, अजून होतं.

आता मुद्द्याचं. आई, गेल्या महिन्यात तू रात्री पॅसेजमध्ये पडलीस आणि मनगट मोडून घेतलंस. बाबा म्हणाले, चप्पल झिजली होती. मीही म्हटलं, चप्पलच. त्याच संध्याकाळी नवी मागवली. आपली चौकशी समिती दहा मिनिटांत उठली. माकीव्काचं वाचताना मला एकदम आठवलं, की त्याच्या आधी तू मला दोनदा सांगितलं होतंस: दिव्याचं बटण वळणाच्या पलीकडे आहे, रात्री तिथपर्यंत भिंत चाचपत जावं लागतं. मी दोन्ही वेळा "बघू" म्हटलं होतं.

तेव्हा या रविवारी फोनवर आपण तेच चार प्रश्न घेऊ. आधी आई बोलेल, आणि तिचं पुरतं संपेपर्यंत कोणी मधे बोलायचं नाही. मग मी, कारण "बघू" मी म्हटलं होतं. बाबा, तुम्ही सगळ्यात शेवटी. वायरमनशी मी बोललेय, तो मंगळवारी येईल. अलीकडे कुठे बटण हवं ते आईने त्याला स्वतः उभं राहून दाखवायचं. तोवर पॅसेजमधला दिवा रात्रभर जळू द्या, आणि विजेच्या बिलाचं मला काही सांगू नका.

तुमची लेक