पर्सेंटाइल नको, गुणवत्ता क्रमांक पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या राज्याच्या सीईटीचा निकाल लागला की आमच्या बार्शीत महिनाभर एकच प्रश्न ऐकू येतो : ‘सर, अठ्ठ्याण्णव आलेत, पुण्यात चान्स आहे का?’ कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवून मी निवृत्त झालो, तरी अभियांत्रिकी प्रवेशाच्या दिवसांत पालकांचे येणे-जाणे चालूच असते. बहुतेकांच्या मोबाइलमध्ये कुठल्याशा ‘कॉलेज प्रेडिक्टर’ने काढून दिलेली यादी असते. हिरव्या रंगातले कॉलेज म्हणजे मिळणार, लाल रंगातले म्हणजे विसरा. या अंदाजबाजीत एक गफलत दरवर्षी तशीच होत राहते, म्हणून हे पत्र.

प्रवेश देणारा राज्याचा सीईटी कक्ष प्रत्येक फेरीनंतर कट-ऑफची, म्हणजे कुठे शेवटचा प्रवेश कितव्या क्रमांकाला मिळाला त्याची, यादी संकेतस्थळावर टाकतो. त्या पीडीएफच्या प्रत्येक चौकटीत दोन आकडे असतात. वर राज्य गुणवत्ता क्रमांक आणि खाली कंसात पर्सेंटाइल. पानाच्या तळाशी तसा खुलासाही छापलेला असतो. पण पालक, क्लासवाले आणि समुपदेशक सगळे कंसातला आकडा धरून बसतात, वरच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. आता हिशेब बघा. २०२४ मध्ये पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाची सीईटी सुमारे २ लाख ९५ हजार मुलांनी दिली, २०२५ मध्ये ४ लाख २२ हजारांहून अधिक मुलांनी. म्हणजे ९९ पर्सेंटाइलच्या वर एका वर्षी तीन हजारांच्या आत मुले होती आणि पुढच्याच वर्षी सव्वाचार हजारांच्या आसपास. पर्सेंटाइल तेच, पण पुढे हजार-सव्वा हजार मुले जास्त. आपल्या मागे शंभरात किती, एवढेच पर्सेंटाइल सांगते. पुढे किती उभे आहेत ते कळायला परीक्षेला एकूण किती बसले हे माहीत हवे. बारावीच्या पोराला दोन मिनिटांत पटणारी ही गोष्ट समुपदेशनाचे हजारो रुपये घेणाऱ्यांना सुचू नये?

जागाही वाढल्या, असे यावर सांगितले जाते. ते खरे आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून चांगल्या संस्थांसाठी प्रवेशक्षमतेची वरची मर्यादा काढून टाकली आणि राज्यातल्या अभियांत्रिकीच्या जागा दोन लाखांच्या पुढे गेल्या. पण ज्या दहा-पंधरा कॉलेजांसाठी झुंबड उडते तिथे, हव्या त्या शाखेत, आपल्या प्रवर्गाच्या जागा किती वाढल्या, हे प्रत्येक वेळी वेगळे तपासावे लागते. शिवाय नियमही बदलतात. २०२४ च्या फेब्रुवारीत एसईबीसीचे, म्हणजे मराठा समाजाचे, १० टक्के आरक्षण आले. त्याआधी ईडब्ल्यूएसमधून (आर्थिक दुर्बल घटकातून) अर्ज करणारी बरीच मुले तिकडे गेली. २०२३ चा ईडब्ल्यूएसचा कट-ऑफ घेऊन २०२४ चा अंदाज बांधणाऱ्यांचे काय झाले असेल?

आमच्या भागातल्या मुलांची सगळ्यात मोठी फसगत होते ती कट-ऑफच्या यादीतल्या रकान्यांच्या संकेताक्षरांत. आम्ही सोलापूर विद्यापीठाच्या हद्दीतले. पुण्यातल्या विनाअनुदानित कॉलेजात शेवटी ‘एच’ (होम) असलेला रकाना पुणे विद्यापीठाच्या मुलांचा. बार्शीच्या मुलाने ‘ओ’चा, म्हणजे बाहेरच्या विद्यापीठांचा, रकाना बघायचा. पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय अशा ठिकाणी ‘एस’ म्हणजे राज्यस्तरीय रकाना असतो, तिथे हा भेद येत नाही. आता अशा एखाद्या विनाअनुदानित कॉलेजात साठ जागांची तुकडी धरा. वीस टक्के संस्थास्तरावर, म्हणजे कॉलेजने स्वतः भरायच्या, गेल्या, १५ टक्के अखिल भारतीय कोट्यात, म्हणजे जेईई या देशपातळीवरच्या परीक्षेवर. उरल्या ३९. त्यातल्या ७० टक्के पुणे विद्यापीठाच्या मुलांना. बाहेरच्या विद्यापीठांतल्या सगळ्या महाराष्ट्रासाठी राहिल्या बाराएक. त्यांतून सामाजिक आरक्षण आणि मुलींचे ३० टक्के वजा केले की खुल्या प्रवर्गातल्या मुलासाठी ढोबळ हिशेबाने तीन-चार जागा! जाहिरातीत ‘६० सीट्स’ वाचून आलेल्या बापाला हे कागदावर मांडून दाखवले की तो बराच वेळ काही बोलत नाही.

आणि म्हणूनच त्या रकान्यातल्या कट-ऑफवर फार विसंबू नये. कट-ऑफ कॉलेज ठरवत नाही. तिथे प्रवेश मिळालेल्या शेवटच्या मुलाचा तो नंबर असतो, इतकेच. जागा तीन-चारच असतील तर एखाद्या मुलाने ऐनवेळी नागपूर पसंत केले किंवा दोघे आयआयटी-एनआयटीला निघून गेले, तरी नंबर शेकड्यांनी खाली-वर होतो. सीओईपीच्या संगणक शाखेचे तसे नाही. तिथला नंबर वर्षानुवर्षे वरच्या टोकाला चिकटून असतो, तिथे अंदाज बऱ्यापैकी लागतो. डळमळीत असतात ती मधली कॉलेजे, आणि आमच्याकडची बहुतेक मुले नेमकी तिथेच असतात. अशा ठिकाणी ‘८३ टक्के शक्यता’ असे छातीठोकपणे दाखवणाऱ्या ॲपला तो आकडा कुठून मिळतो, हे विचारायची सोय नाही.

या भीतीवरच धंदा चालतो. गेल्या हंगामात आमच्या ओळखीतल्या एका मुलीचा पर्याय अर्ज, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा अर्ज, पैसे घेऊन एका समुपदेशकाने भरून दिला. ‘शंभर टक्के मिळणारे’ कॉलेज त्याने पहिल्या क्रमांकावर टाकले आणि तिला खरे हवे होते ते तिसऱ्यावर. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली. २०२५ च्या नियमाने पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की जागा आपोआप गोठते, पुढच्या फेऱ्या बंद. दुसऱ्या फेरीला पहिल्या तीन पसंतींना हाच नियम, तिसऱ्या फेरीला पहिल्या सहांना. पहिल्या फेरीची यादी आली तेव्हा तिला हव्या असलेल्या कॉलेजात तिच्या प्रवर्गात शेवटचा प्रवेश तिच्यापेक्षा मागच्या गुणवत्ता क्रमांकाला मिळालेला होता! वर अवघड कॉलेज लिहिले तर खालचे हातचे जाते, हा समजच चुकीचा. वाटप गुणवत्ता क्रमांकाने होते. वरची पसंती मिळत नसेल तर यंत्रणा पुढच्या पसंतीकडे जाते, आणि खालच्या कॉलेजवरचा तुमचा हक्क त्याने रतीभरही कमी होत नाही. तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. आवडीच्या उतरत्या क्रमाने भरा, शेवटी दोन-चार खात्रीची ठेवा. एवढाच सल्ला, तो मी फुकट देतो, म्हणून बहुधा त्याला किंमत नसते.

सीईटी कक्षाने मनावर घेतले तर हा बाजार निम्मा उठेल. अंतिम गुणवत्ता यादी पर्याय अर्जाच्या आधीच लागते, म्हणजे प्रत्येक मुलाला आपला क्रमांक ठाऊक असतो. त्याच दिवशी कक्षाने मराठीत, शोधता येईल असा एक तक्ता द्यावा : कॉलेज, शाखा, प्रवर्ग, यंदाच्या जागा, गेल्या वर्षीच्या जागा आणि मागच्या तीन वर्षांत प्रत्येक फेरीचा शेवटचा गुणवत्ता क्रमांक. माहिती सगळी कक्षाकडेच आहे, फक्त ती संकेताक्षरांनी भरलेल्या शेकडो पानांत विखुरलेली आहे. २०२६ पासून सीईटी दोनदा घेऊन चांगला तो निकाल धरण्याचे जाहीर झाल्यामुळे तर हे अधिकच निकडीचे आहे. एका परीक्षेच्या काळातले पर्सेंटाइल दोन परीक्षांच्या काळातल्या पर्सेंटाइलशी कसे जुळवायचे, हे पालकांनी कोणाला विचारायचे?

एक विनंती आपल्यालाही. पहिली फेरी लागली की आपल्या पहिल्या पानावर ‘अमुक कॉलेजचा कट-ऑफ ९९.८’ असा मथळा येतो. तो खुशाल छापा. पण सोबतच्या चौकटीत त्या शाखेचा शेवटचा गुणवत्ता क्रमांक आणि प्रवर्गातल्या जागांची संख्या असे दोन रकाने वाढवले, तर कात्रण कापून माझ्याकडे येणाऱ्या पालकांना पुढच्या वर्षी त्याचा उपयोग होईल.

कळावे,
आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, बार्शी (जि. सोलापूर)